ग्रीन चॅनल ते शनिवार पेठ

१९६२च्या कस्टम्स कायद्यात ७९ क्रमांकाचं एक कलम आहे. प्रवाशाच्या सामानातली वस्तू त्याच्या किंवा घरच्यांच्या वापराची असेल, नाहीतर खरीखुरी भेट म्हणून आणलेली असेल, आणि तशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर ठरावीक किमतीपर्यंत तिच्यावर ड्युटी लागत नाही. कलम चांगलं आहे. फक्त ते लिहिणारा माणूस कराडचा नसावा. भेट खरीखुरी आहे की नाही, हे मुंबई विमानतळावरच्या पांढऱ्या गणवेशातल्या परक्या माणसाला कसं कळणार? त्यासाठी देणाऱ्याच्या वास्तुशांतीला घेणाऱ्यानं काय दिलं होतं, ते दिलेलं मुळात कुणाकडून आलेलं होतं, आणि मधल्या काळात बांधाचं भांडण मिटलं का, एवढं तरी माहीत हवं. आमच्या शनिवार पेठेतली कुठलीही काकू हे काम बसल्या जागी करील. तिची खात्री पटवणं मात्र आजवर एकाही प्रवाशाला जमलेलं नाही.

कराडात सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज निघालं ते १९६० साली. तेव्हापासून इथली पोरं शिकली, पुण्याला गेली, तिथून अमेरिकेला गेली. मग सुनेच्या बाळंतपणाला आई गेली, आईला करमेना म्हणून वडील गेले, आणि सहा महिन्यांनी दोघं चार बॅगा घेऊन परत आले. दुसरी रांग यात्रा कंपन्यांची. दुबई, सिंगापूर, थायलंड. बरोबर मराठी टूर मॅनेजर, सकाळी पोहे, रात्री वरणभात, आणि शेवटून दुसऱ्या दिवशी ‘शॉपिंगसाठी मोकळा वेळ’. अख्ख्या सहलीत माणूस सगळ्यात जास्त जखडलेला असतो तो ह्या मोकळ्या वेळात. कारण डोक्यात यादी असते. ती कुणी लिहून दिलेली नसते. निघताना कुणीच काही मागत नाही. ‘आमाला कशाला काय, तुमी सुखरूप या म्हंजे झालं,’ असंच प्रत्येक जण म्हणतो, आणि म्हणता म्हणता मनगटावरचं जुनं घड्याळ काढून उगाच कानाला लावून बघतो.

आता नियम. परदेशातून विमानानं परतणाऱ्याला २०१६च्या नियमांनी ५०,००० रुपयांपर्यंतचा माल ड्युटीविना आणता येत होता. २०२६च्या फेब्रुवारीपासून ती मर्यादा ७५,००० झाली. वापरातले कपडेलत्ते त्यात धरत नाहीत, आणि १८ वर्षांवरच्या माणसाला एक लॅपटॉप वेगळा चालतो. मर्यादेच्या वर गेलात की जादा रकमेवर ३८.५ टक्के. लाखाचा फोन आणलात तर वरच्या २५,०००वर ९,६२५ रुपये मोजायचे, पावती घ्यायची आणि मुलाला शिव्या द्यायच्या. इथपर्यंत कुणालाही समजतं.

घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. ही सूट माणशी असते, आणि एकाची सूट दुसऱ्याच्या सुटीत मिळवता येणार नाही, असं २०१६च्या नियमांत स्पष्ट म्हटलं होतं. नवऱ्याचे पन्नास, बायकोचे पन्नास, म्हणून लाखाची एकच वस्तू, हे बसत नव्हतं. ज्या घरात सातबाऱ्यावर सात चुलत्यांची नावं सामाईक आहेत आणि विहिरीच्या मोटरीत तेरा जणांचा हिस्सा आहे, तिथल्या माणसाला हे काय म्हणून समजवायचं? त्यात दोन वर्षांच्या वरच्या पोरालाही पूर्ण सूट. म्हणजे धड चड्डी न सावरणारा नातू पन्नास हजारांचा स्वतंत्र धनी होता, आणि आजोबांना मात्र आजीच्या उरलेल्या सुटीत हात घालता येत नव्हता.

दारू माणशी दोन लिटर. ह्या एका नियमानं महाराष्ट्रातल्या कितीतरी माळकरी बायकांच्या पदरी पाप घातलंय. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि हातात ड्युटी-फ्रीची सीलबंद पिशवी. बाजूला निर्विकार चेहऱ्यानं उभे असलेले यजमान. ‘अगं, आपलं काय, भाच्यासाठी आहे.’ काकूंना त्या पिशवीत काय आहे हे कळत नाही असं यजमानांना वाटतं. काकूंना ते वाटणं मोडवत नाही. तंबाखू १२५ ग्रॅम चालते. हा आकडा वाचून आमच्याकडच्या एका आजोबांनी ‘दिवसाला का?’ असं विचारलं होतं.

टीव्हीची गोष्ट तर इतिहासजमा झाली. बँकॉकहून येणारा माणूस एके काळी सपाट टीव्हीचं खोकं छातीशी धरून यायचा. २६ ऑगस्ट २०१३ला ती सूट बंद झाली. ३५ टक्के ड्युटी आणि वर उपकर बसला, तेव्हा कुठे बँकॉकला बघण्यासारखी देवळंही आहेत असा शोध आपल्या लोकांना लागला. आणि ज्यांना नातवासाठी पृथ्वीचा गोल आणायचा आहे त्यांनी तो दुकानातच नीट फिरवून बघावा. भारताच्या सीमा चुकीच्या दाखवणारे नकाशे देशात आणायला बंदी आहे. काश्मीर तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खरी मेख मात्र किमतीत आहे.

विमानतळावर उतरलेला माणूस नम्र असतो. एरवी ज्याला ‘आमचं सगळं ब्रँडेड असतं’ हे सांगितल्याशिवाय घास उतरत नाही, तो त्या पट्ट्याजवळ उभा राहून बॅग यायच्या आत सगळ्या वस्तूंच्या किमती मनातल्या मनात पाडत असतो. मे महिन्यात मुंबईत लोकरीची जाकिटं घालून घामाघूम झालेली जोडपी दिसली तर ती आजारी नसतात. अंगावर चढवलं की ते वापरातलं होतं, अशी त्यांची श्रद्धा असते. ‘घड्याळ खोक्यातून काढ, हातात घाल. त्याच्याकडं बघू नकोस. अगं, बघू नको म्हटलं ना!’ सरकारनं ‘अतिथी’ नावाचं ॲप काढलंय, घरबसल्या सामान जाहीर करता येतं. पण अतिथी म्हणून बोलवायचं आणि दारातच पिशवीत काय आणलं ते विचारायचं, ही पद्धत आमच्याकडे फक्त फार जवळच्यांत आहे.

आणि मग बहुतेकदा काहीच होत नाही. समोरचा अधिकारी जांभई देतो. ग्रीन चॅनलमधून दोघं बाहेर पडतात, कपाळ पुसतात, आणि तिथून किमतींचा उलटा प्रवास सुरू होतो.

मुंबई ते कराड तीनशेच्या वर किलोमीटर. एवढ्या वाटेत त्या घड्याळानं जी उसळी मारलेली असते ती शेअर बाजारानं पाहिलेली नसते. विमानतळाच्या दारापर्यंत ते ३,००० रुपयांचं असतं, तेही ‘सेलमध्ये, जुना माल’ म्हणून. खोपोलीला चहाला गाडी थांबते तेव्हा ५,०००. खंबाटकीच्या घाटात ड्रायव्हर आरशातून म्हणतो, ‘भारीतलं दिसतंय सायेब,’ तिथं ८,०००. साताऱ्यात कंदी पेढे घेताना (चार बॅगा भरून चॉकलेट आणणाराही साताऱ्यात पेढे घेतोच, देवापुढं चॉकलेट ठेवायचा धीर अजून झालेला नाही) १०,०००. उंब्रज मागं पडलं की साहेब गप्प होतात. ही शांतता विचारांची असते. कोयनेचा पूल ओलांडताना ते बायकोला हळूच सांगतात, ‘कुणी विचारलंच तर पंधरा सांग.’ कुणी न विचारण्याची शक्यता दोघांनीही धरलेली नसते.

घरी पोचल्यावर बॅगा लगेच उघडायच्या नसतात. हा अनुभवी लोकांचा सल्ला आहे. पहिल्या तासात जी माणसं येतात ती शेजारची असतात, आणि जी सख्खी असतात ती मुद्दाम दुसऱ्या दिवशी येतात, आपण कशाची वाट बघत नव्हतो हे दाखवायला. उघडल्या बॅगेतून चांगलं ते शेजारी निघून गेलं तर पुढची दहा वर्षं लग्नकार्यात ऐकावं लागतं.

‘आलासा व्हय? दमला असशीला. पोरगं, सून बरी हायती न्हवं?’ दारातल्या वहिनी चौकशी अमेरिकेची करतात आणि बघतात बॅगेकडं. बॅगेला अजून विमान कंपनीची चिठ्ठी चिकटलेली असते. ती आठ दिवस काढायची नाही असा एक नियम आमच्याकडे पाळला जातो. तो कुठल्या कायद्यात नाही.

वाटपाचं शास्त्र मोठं कठीण. सरकारला सगळे प्रवासी सारखे. आमच्याकडे पायऱ्या आहेत. सख्खे भाऊ-बहीण आणि व्याही ही पहिली पायरी, तिथं घड्याळ किंवा परफ्यूम. साडू त्याच पायरीवर, पण एक बोट खाली, आणि ते बोट त्यांना दिसणार नाही अशा बेतानं. मग भावकी. भावकीत सगळं सम असावं लागतं, कारण तिथं वस्तू कुणी वापरत नाही, आधी मोजतात. थोरल्याला सहा चॉकलेटं आणि धाकट्याला पाच गेली तर सहावं कुठं गेलं ह्याचा तपास गणपतीपर्यंत चालतो. शेवटच्या पायरीवर दूधवाले मामा, घरकामाच्या मावशी आणि कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले. गंमत म्हणजे दिलेली वस्तू त्या दिवसापासून खरोखर वापरणारी माणसं तेवढीच.

किमतीच्या चिठ्ठ्यांचं काम आदल्या रात्री दिवा बारीक करून होतं. स्वस्त वस्तूंच्या चिठ्ठ्या नेलपॉलिश रिमूव्हरनं घासून काढायच्या, महाग वस्तूवरची चिठ्ठी ‘राहिलीच बाई काढायची’ म्हणून तशीच ठेवायची. ही युक्ती वर्षानुवर्षं चालली. मग पुतण्याच्या हातात मोबाइल आला. परवा एका घरी मी समोर बसलो असताना परफ्यूमची बाटली खोक्यातून बाहेर आली आणि पुतण्यानं तिच्यावर फोन धरला.

‘काका, १४ डॉलर ९९.’

काका म्हणाले, ‘ती ल्हान बाटली असंल.’

‘न्हाई काका, हीच. शंभर मिली.’

खोलीत कुणी काही बोललं नाही. पुतण्याचं अजून संपलं नव्हतं. ‘आन् आपल्या कोल्हापूर नाक्यावर बी मिळती की. वर एक डिओ फुकट.’

काकांनी विषय बदलायला टॉर्च दाखवला. टॉर्चच्या बुडाला ‘मेड इन चायना’. खरं तर ज्या गावाला लागून ओगलेवाडी आहे, जिथल्या प्रभाकर कंदिलानं एके काळी घरोघरी उजेड पाडला, तिथल्या माणसाला अमेरिकेहून उजेड आणावासा वाटतो इथंच कुठंतरी चुकतंय. पण हे मी काकांना बोललो नाही. मला बदामाचं पाकीट यायचं होतं.

सगळ्या कराडात किमती खाली आणणारा एकच माणूस असतो, आणि तो म्हणजे विट्याकडचा पाहुणा. खानापूर, आटपाडी ह्या पट्ट्यातले गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात भारतभर पसरलेत. त्यांच्यापुढं दुबईची बांगडी ठेवणं म्हणजे स्वतःहून तपासणीला उभं राहणं. सोन्याचा नियमही असा की परदेशात वर्षाहून जास्त राहून आलेल्या बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम दागिने ड्युटीविना आणता येतात. २०१६च्या नियमांत त्याला किमतीचंही कुंपण होतं, बाईला १ लाख आणि पुरुषाला ५०,०००. हिशेब केला तर ग्रॅमला अडीच हजार. सोन्यानं काही हा नियम वाचला नव्हता. भाव चढत गेला, कागदावर चाळीस ग्रॅम तसेच राहिले, आणि त्या किमतीत बसणारी पाटली बारीक होत होत अंगठी झाली. २०२६ला किमतीची अट गेली आणि वजन तेवढं राहिलं, तेव्हा कुठं नियमाची आणि तराजूची गाठ पडली. आठ दिवसांच्या सहलीवाल्यांना मात्र ह्यातलं काहीच लागू नाही. त्यांच्या बांगड्या साध्या सुटीतच मोजायच्या. तर तो पाहुणा बांगडी तळहातावर घेतो, दोनदा वर-खाली करतो आणि म्हणतो, ‘बावीस म्हणून दिली व्हय? बरं.’ ह्या ‘बरं’वर बाईंची तीन रात्रींची झोप जाते. म्हणून विट्याच्या पाहुण्यांना बॅग उघडायच्या दिवशी बोलवत नाहीत. त्यांना नंतर सावकाश जेवायला बोलवतात, बांगडी कपाटात गेल्यावर.

कौटिल्य ह्या बाबतीत आपल्या लोकांना जास्त ओळखून होता. अर्थशास्त्रात शुल्काध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. नगराच्या महाद्वाराजवळ त्याची शुल्कशाळा, वर ध्वज. लग्नाचं सामान, नवरीबरोबर जाणाऱ्या वस्तू, भेटी, यज्ञ, बाळंतपण, मुंज, व्रत, ह्या सगळ्याला त्यानं शुल्कातून सूट दिली होती. ही यादी करताना त्याच्या घरात नक्की एखादी वडीलधारी बाई मागं उभी असणार, एका पुरुषाला एवढं आठवत नाही. पण पुढं जे आहे त्यासाठी मी त्याला मानतो. शुल्काच्या भीतीनं मालाची किंमत कमी सांगणाऱ्याकडून वरचा माल राजानं घ्यावा किंवा आठपट शुल्क घ्यावं, असं त्यानं म्हटलंय. आणि दुसरा घेणारा आडवा येईल ह्या भीतीनं किंमत चढवत नेणाऱ्याची वाढीव रक्कमही राजानंच घ्यावी, असंही म्हटलंय. किंमत पाडणारा आणि किंमत चढवणारा, ही दोन वेगळी माणसं त्यानं डोळ्यांपुढं धरली होती. पाडणाराच सहा तासांनी चढवणारा होतो हे बघायला तो कोयनेच्या पुलावर उभा राहिला असता तर अर्थशास्त्राला आणखी एक अधिकरण जोडावं लागलं असतं.

जाऊ नये, येऊ नये, वस्तू नुसत्या पाठवाव्यात, असा शहाणपणाचा मार्ग काहींनी काढून बघितला. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतची भेट पोस्टानं किंवा कुरिअरनं परदेशातून ड्युटीविना येत असे. परदेशी, त्यातही चिनी, वेबसाइटवरची खरेदी ‘भेट’ म्हणून येऊ लागली, आणि २०१९च्या डिसेंबरात सरकारनं ती वाट बंद केली. पूर्ण ड्युटी भरून भेट मागवा, नाहीतर नको. अपवाद दोनच. जीव वाचवणारी औषधं, आणि राखी. राखीचा उल्लेख वाचून मला सरकारबद्दल भरून आलं होतं, तोवर पुढचे शब्द वाचले. फक्त राखी, राखीबरोबरच्या भेटवस्तू नव्हेत. हे लिहिणारा माणूस कुणाचा तरी भाऊ असणार आणि त्याचे हात पोळलेले असणार. दिल्लीत बसून इतकं घरातलं लिहिता येत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका दादांची बहीण न्यू जर्सीला असते. तिची राखी दरवर्षी वेळेवर येते, सरकारनं मोकळी सोडलेली. ओवाळणी म्हणून दादा दिवाळीत साडी पाठवतात. पूर्वी तिकडं कसली कटकट नव्हती. २०२५च्या ऑगस्टात अमेरिकेनं स्वस्त पार्सलांची जुनी सूट मोडीत काढली, आणि १०० डॉलरच्या आतल्या भेटी तेवढ्या सुटल्या. ही बातमी दादांनी पेपरात दोनदा वाचली आणि तिचं कात्रण पाकिटात ठेवलं. फोनवर त्यांनी बहिणीला सांगितलं होतं, ‘ह्या खेपंला जरा बरी घेतलीया. किंमत इचारू नगंस. तुझ्या वैनीला बी सांगितली न्हाई.’ बहीण बिचारी गहिवरली. म्हणाली, ‘एवढा खर्च कशाला केलास दादा?’

मग दादा कुरिअरवाल्याच्या टेबलासमोर बसले. फॉर्मवर वस्तूचं नाव, वजन, किंमत, आणि खाली सही. दादा निवृत्त सरकारी नोकर. आयुष्यात कुठल्या फॉर्मवर खोटं लिहिलेलं नाही, आणि अमेरिकेच्या फॉर्मवर तर लिहिणारच नाहीत. त्यांनी खिशातली पावती काढली, रुपयांचे डॉलर करून घेतले, ठसठशीत आकड्यांत ३४ लिहिलं आणि शंभराच्या किती आत आहोत ह्याचं समाधान मानत सही ठोकली. ती चिठ्ठी खोक्याच्या वरच्या बाजूला, प्लास्टिकच्या पाकिटात, दर्शनी चिकटवतात. समुद्रापार जाऊन कुणाच्या हातात खोकं पडणार आहे, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फोन आला. साडी पोचली, रंग आवडला, फराळाचं काय काय झालं, सगळं बोलून झालं.

‘वैनीला आता किंमत सांगून टाक दादा,’ बहीण म्हणाली. ‘चौतीस डॉलर. आणि दुकानदारानं चुकून लिहिलं असेल असलं काही सांगू नकोस. खाली तुझी सही आहे.’